पीएसए गोंडपिपरीत, स्कॅन नागपुरात

प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला माणूस काही महिन्यांत पुन्हा बांधावर उभा राहतो आणि घरच्यांना वाटते, संकट टळले. पुष्कळांचे खरेच टळलेले असते. काहींचा रोग मात्र मागे उरतो, आणि परतताना तो सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. आमच्या गोंडपिपरीतले एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले होते, "आता लघवी साफ होते, मग नागपूरची वारी कशाला?" प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर रक्तात आहे. ग्रंथी काढल्यावर पीएसएचा आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. दोनदा तपासून तो ०.२ किंवा अधिक आला, तर रोग परतल्याचे धरतात. पण परतला कुठे? हाडांचा जुना स्कॅन इतक्या कमी आकड्यावर बहुधा काहीच सांगत नाही. पीएसएमए पेट स्कॅनची युक्ती वेगळी. या रोगाच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचे प्रथिन विपुल असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडून शिरेतून देतात. तासाभराने चित्रात रोगाची जागा उजळते. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली मुंबईत परळला अणुवैद्यकाचे केंद्र काढले आणि २००२ साली देशातला पहिला पेट स्कॅनर तिथेच आला. आज ही सोय नागपुरात आहे.

मात्र स्कॅन म्हणजे दिव्यदृष्टी नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील ६३५ रुग्णांच्या अभ्यासात, पीएसए ०.५ च्या खाली असताना ३८ टक्के रुग्णांतच रोगाची जागा सापडली. १ ते २ च्या दरम्यान ८४ टक्क्यांत. म्हणून आकडा वाढू द्यावा काय? मुळीच नाही. शस्त्रक्रियेच्या जागी द्यायचे किरणोपचार आकडा लहान असतानाच अधिक गुण देतात. स्वच्छ चित्र पाहून निर्धास्त होणे हाही धोकाच.

जिल्ह्याजिल्ह्यात पेट यंत्र हवे, अशी मागणी सभांतून होते. टाळ्याही पडतात. मला ती आजच्या घडीला गैरलागू वाटते. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मे होते. नागपूरहून चार तास प्रवास करून ते गोंडपिपरीला आणले तर दहावा हिस्साही उरणार नाही. औषध रुग्णाकडे येऊ शकत नाही, पण रुग्णाचे रक्त प्रवास करू शकते! ग्रामीण रुग्णालयात रक्त घ्यावे, सीरम वेगळे करून थंड डब्यातून त्याच दिवशी चंद्रपूरला धाडावे. प्रयोगशाळा ०.२ च्या खालचा आकडा नेमका वाचणारी असावी, आणि दरवेळी तीच असावी. आकडा चढला तरच नागपूरची तारीख ठरवून रुग्णाला एस.टी.त बसवावे.

आणि तपासणीची तारीख रोवणीच्या ऐन धांदलीत देऊ नये. पंधरा दिवस मागेपुढे करावी. त्या दिवसांत आमच्याकडचा माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.