धूमकेतू की दगड?

‘मराठी वाङ्मय घेतलेल्या मुलीला उल्कांशी काय कर्तव्य?’ हा प्रश्न मला एका प्राध्यापकांनी विचारला. डिसेंबर २०२३ मध्ये मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहायला आम्हा कला शाखेच्या दहा-बारा जणांना वांगणीला जायचे होते. विज्ञान शाखेच्या सहलीला परवानगी मिळाली, आम्हाला नाही. सर रागावले नव्हते. त्यांना खरोखरच कोडे पडले होते. म्हणून हे उत्तर.

उल्कावर्षाव ही बहुधा धूमकेतूंची देणगी. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि त्याच्या वाटेवर पसरते. पृथ्वी दरवर्षी ती वाट ओलांडते, कण वातावरणात पेटतात आणि आपण म्हणतो, तारा तुटला! हॅलेच्या धूमकेतूचे तर असे दोन वर्षाव आहेत. पण डिसेंबरातल्या या वर्षावाचा धनी शतकभर सापडत नव्हता. १९८३ साली आयरास उपग्रहाच्या नोंदींत सायमन ग्रीन आणि जॉन डेव्हिस यांना तो गवसला. त्याची कक्षा उल्कांच्या वाटेशी जुळते, हे फ्रेड व्हिपल यांनी ओळखले. आणि निघाला काय, तर पाच-सहा किलोमीटरांचा खडक!

हा खडक सूर्यापासून सुमारे २ कोटी १० लाख किलोमीटरांवर येतो, बुधाच्याही आत. म्हणून त्याला नाव मिळाले फेथॉन. ग्रीक कथेत बापाचा रथ हट्टाने हाकून जग होरपळवणारा सूर्यपुत्र. (बारसे आपल्याकडे झाले असते तर कदाचित कर्ण म्हटले असते.) नावासाठी शास्त्रज्ञांना वाङ्मयाच्याच कपाटाकडे वळावे लागले, हे सरांच्या कानावर घालावेसे वाटते.

तो विझलेला धूमकेतू, की उन्हाने तडकणारा लघुग्रह? वाद मिटलेला नाही. सूर्याजवळ त्याला पुसटशी शेपूट फुटते, ती धुळीची मानली जाई. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती सोडियम वायूची ठरली. मग वर्षावाची एवढी धूळ आली कोठून? कदाचित पूर्वी कधी झालेल्या मोठ्या मोडतोडीतून. चाळीस वर्षे झाली तरी या दगडाला एका खणात बसवता आलेले नाही. आम्हाला मात्र अकरावीच्या प्रवेश अर्जावरची एक खूण जन्मभरासाठी बसवून टाकते! सहलीच्या अर्जावर शाखेचा रकाना नसावा, एवढेच माझे मागणे आहे.

वांगणी हुकली ती हुकलीच. नुकतीच अमावास्या झालेली, म्हणजे योग उत्तम. १३ तारखेच्या रात्री मुलुंडला आमच्या गच्चीवर चटया टाकल्या. अंधाऱ्या आकाशात तासाला शंभरावर उल्का दिसू शकतात. रस्त्यावरच्या दिव्यांच्या झगमगाटात आम्हाला तीन तासांत सात दिसल्या. सातवी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांकडे लांबवर गेली. विज्ञान शाखेतला माझा भाऊ तेवढ्यात चहा आणायला खाली गेला होता.