स्टिअरिंग एकाच्या हाती, कार्ड दुसऱ्याच्या नावावर

जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला रवाना झाली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि त्या मानांकनाचा शिक्का घेऊनच हा माल गेला. फैजपूर, सावदा, यावल, रावेर हा सगळा पट्टा केळीवरच उभा आहे, त्यामुळे ती बातमी इथल्या घराघरांत कौतुकाने वाचली गेली. केळीच्या आधीपासून आणि केळीच्या मागोमाग इथली माणसेही परदेशी जात आहेत. कोणी जर्मनीत शिकते, कोणी अमेरिकेत नोकरी करते, कोणी व्यापाराच्या निमित्ताने आठ दिवस दुबईला जाऊन येते. व्हिसा, तिकीट, राहण्याची सोय अशी सगळी तयारी महिनोन्‌महिने चालते. तरीही विमानतळावर उतरल्यावर एका साध्या कामापाशी घोडे अडते. भाड्याची मोटार घ्यायची असते आणि खिशातले क्रेडिट कार्ड दुसऱ्याचे असते.

हे कार्ड कुठून येते, हे खानदेशातल्या कोणत्याही कुटुंबाला सांगावे लागत नाही. पुण्याला नोकरी करणाऱ्या मोठ्या भावाचे, मुंबईच्या काकांचे, नाहीतर जावयाचे. ‘माझे कार्ड वापर, पैसे मागाहून दे’ हे आपल्याकडे सहज बोलले जाते आणि तितक्याच सहज पाळले जाते. फैजपुरात बसून परदेशातल्या कंपनीच्या संकेतस्थळावर गाडी ठरवतानाही काही अडत नाही. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले की काम होते. परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा ओटीपीसुद्धा मागितला जात नाही. आरक्षणाची पावती येते, पैसे कापल्याचा संदेश काकांच्या फोनवर येतो आणि गाडी पक्की झाली असे सगळ्यांना वाटते.

भ्रमाचा भोपळा फुटतो तो काउंटरवर. तिथला कर्मचारी पासपोर्ट, वाहन परवाना आणि क्रेडिट कार्ड मागतो. तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून नावे जुळवून पाहतो. कार्डावर काकांचे नाव दिसले की तो नम्रपणे ते परत करतो आणि तुमच्या नावाचे कार्ड आहे का, असे विचारतो. आधी भरलेल्या पैशांची पावती दाखवून उपयोग होत नाही. काकांना फोन लावावा, तर शिकागोत उन्हाळ्यातल्या दुपारचे तीन वाजलेले असताना मुंबईत रात्रीचा दीड झालेला असतो. आणि काका जागे होऊन फोनवर ‘माझी परवानगी आहे’ म्हणाले, तरी त्या परवानगीची नोंद घ्यायला त्या कर्मचाऱ्याकडे रकाना नसतो. मागे रांग वाढत असते, सोबत बायको-मुले आणि सामान असते. भरलेले भाडे परत मिळेल की नाही, हे आरक्षणाच्या अटींवर ठरते.

हर्ट्झ, एव्हिस, एंटरप्राइज, सिक्स्ट, युरोपकार या मोठ्या कंपन्यांच्या अटी देशागणिक थोड्याफार बदलतात. कुठे डेबिट कार्ड परतीच्या तिकिटासह चालते, कुठे २५ वर्षांखालच्या चालकाला जादा आकार द्यावा लागतो. गाभा मात्र सगळीकडे जवळपास सारखाच आहे. गाडी ज्याच्या नावावर घ्यायची, कार्डही त्याच्याच नावाचे हवे आणि तो स्वतः समोर उभा हवा.

हा नियम आडमुठेपणाचा नाही. भाड्याची गाडी देताना कंपनी लाखो रुपयांची वस्तू अनोळखी माणसाच्या हाती सोपवते. म्हणून ती कार्डावर भाड्याखेरीज काहीशे डॉलर वा युरोची रक्कम रोखून ठेवते. युरोपात ती हजार युरोच्या पुढेही जाते. हे पैसे कापलेले नसतात, पण गाडी सुखरूप परत येऊन हिशेब मिटेपर्यंत वापरताही येत नाहीत. शिवाय सगळे हिशेब गाडी परत देतानाच मिटत नाहीत. दुबईत १ जुलै २००७ पासून ‘सालिक’ ही टोलव्यवस्था आहे. तिथे नाक्यावर थांबावे लागत नाही. कमानीखालून गाडी गेली की काचेवरच्या टॅगवरून टोल वळता होतो. वेगमर्यादा मोडली तर कॅमेरा टिपतो आणि दंड गाडीमालकाच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर निघतो. ग्राहक तोवर फैजपूरला घरी पोहोचलेला असतो. कंपनीच्या हातात उरते ते फक्त कार्ड. ते तिसऱ्याच माणसाचे असेल आणि त्याने आपल्या बँकेला ‘हा खर्च मी केलेला नाही’ असे कळवले, तर कंपनीला रकमेवर पाणी सोडावे लागू शकते.

खानदेशातल्या माणसाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. विकास सोसायटीचे किंवा पतसंस्थेचे कर्ज घेताना जामीनदाराला स्वतः येऊन सही करावी लागते. त्याचा निरोप, त्याची चिठ्ठी किंवा गावातली त्याची अब्रू यावर कागद पुढे सरकत नाही. जिथे हे कागद ढिले ठेवले गेले, तिथे काय झाले हे जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांच्या पडझडीत सोसले आहे. निवृत्तीची पुंजी आणि मुलींच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अडकलेली कुटुंबे आजही इथे आहेत. गाडीच्या काउंटरवरचा कर्मचारी मागतो ती हीच जामीनदाराची सही.

कार्ड उसने देणाऱ्याची बाजूही आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी कुठवर, हे स्पष्ट केले आहे. कार्डाची गुप्त माहिती ग्राहकाने स्वतःच दुसऱ्याला दिली आणि त्यातून नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्यानेच सोसायचे आहे. म्हणजे भाच्याच्या सोयीसाठी मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो पुढे कुठेही गेला, तरी मामाला बँकेपुढे हात चोळत बसावे लागते. दुसरा मुद्दा आयकराचा. वर्षभरात एखाद्याच्या कार्डाच्या बिलापोटी रोखीने १ लाख किंवा अन्य मार्गांनी १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक भरले गेले, की बँक ते आयकर खात्याला कळवते. सगळ्या नातलगांचा खर्च एकाच्या कार्डावर फिरला तर खुलासाही त्या एकालाच द्यावा लागतो. मायेपोटी केलेली मदत अशी त्याच्याच गळ्यात पडते.

असे असूनही लोक उसन्या कार्डाचा रस्ता धरतात, त्याचा दोष सगळा त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कार्ड द्यायचे की नाही हे ठरवताना बँका पगाराची चिठ्ठी आणि आयकर विवरण पाहतात. केळीचे उत्पन्न दरमहा येत नाही. लागवडीपासून घड कापेपर्यंत वर्ष जाते, पैसा एकदम हाती येतो आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणात त्याचे वजन पडत नाही. पंधरा एकर बाग असलेला शेतकरी या चाळणीत गळतो आणि नुकताच नोकरीला लागलेला तरुण पार होतो. शेतकऱ्याच्या हाती असते ते १९९८ पासून मिळणारे किसान क्रेडिट कार्ड. पीककर्जासाठी ते मोलाचे आहे, पण परदेशातल्या गाडीच्या काउंटरवर ते कामाचे नाही. शिकायला जाणाऱ्या मुलांना बँका फॉरेक्स कार्ड देतात. ते आगाऊ पैसे भरलेले कार्ड असते आणि गाडीच्या अनामतीसाठी बहुतेक कंपन्या ते घेत नाहीत. ज्याच्या मालाला दुबईच्या बाजारात मान आहे, त्याला दुबईत स्वतःच्या नावावर गाडी मिळू नये, ही बँकव्यवस्थेची उणीव आहे आणि ती दूर करणे तिच्याच हातात आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड देण्याची सोय अनेक बँकांकडे आज आहे. ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्यावर व्याज चालू राहते आणि ठेवीच्या बहुतांश रकमेइतकी खर्चमर्यादा मिळते. पगाराची चिठ्ठी लागत नाही. केळीचा पैसा हाती आल्यावर गावातला शेतकरी मुदत ठेव करतोच. त्याच ठेवीवर त्याच्या किंवा मुलाच्या नावाचे कार्ड निघू शकते, हे त्याला शाखेत कोणी आपणहून सांगत नाही. गाव लहान म्हणून लोकांची झेप लहान, असे शाखेने गृहीत धरू नये. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच फैजपुरात झाले होते.

दुसरा मार्ग कुटुंबाचा. भाऊ किंवा वडील यांना आपली पत मुलासाठी वापरू द्यायचीच असेल, तर त्यांनी स्वतःचे कार्ड देऊ नये, त्या खात्यावर मुलाच्या नावाचे पूरक कार्ड काढावे. बँका त्याला अ‍ॅड-ऑन कार्ड म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा कार्डावरच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची राहते. पैसा वडिलांच्या खात्यातून जातो, पण कार्डावर मुलाचे नाव छापलेले असते आणि काउंटरवर तेच पाहिले जाते. जबाबदारी कोणाची, मर्यादा किती, हे सगळे कागदावर येते. नात्यातला विश्वास त्याने कमी होत नाही, उलट पुढच्या तक्रारी टळतात.

कार्ड हाती आले तरी आणखी काही गोष्टी गाव सोडण्याआधी उरकायला हव्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असते. परदेशातला वापर ग्राहकाने बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करायचा असतो. खर्चमर्यादेत अनामतीची रक्कम मावते का, हेही पाहावे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जळगावच्या परिवहन कार्यालयातून मिळतो. त्यासाठी नमुना ४-अ भरून पासपोर्ट आणि मूळ परवान्याची प्रत द्यावी लागते, १ हजार रुपये शुल्क असते आणि परवाना एक वर्ष चालतो. दुबईत पर्यटक म्हणून गाडी घेणाऱ्या भारतीयाला तो लागतोच.

नावांचा घोळ याच टप्प्यावर पकडावा. परवान्यावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही असते, कार्डावर जागा कमी म्हणून आद्याक्षरे असतात. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत पासपोर्टवर एका पद्धतीने आणि परवान्यावर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले इथे घरोघरी सापडेल. गावात त्याने काही बिघडत नाही. परक्या देशातल्या कर्मचाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटली, तर तो दोष त्याचा नव्हे.

सगळ्यात जास्त कोंडी होते ती मुलींची. लग्न होऊन नवऱ्याबरोबर परदेशी गेलेल्या मुलीचा परवाना माहेरच्या नावाचा असतो, पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि कार्ड नवऱ्याचे. नवरा कामावर असताना मुलाला दवाखान्यात न्यायला दोन दिवसांसाठी गाडी घ्यायची, तर ती तिला एकटीला घेता येत नाही. तिने अभियांत्रिकीची पदवी घेतलेली असते, जळगावच्या रहदारीत चारचाकी चालवलेली असते. तिच्या नावावर पत नाही, एवढ्याच कारणाने तिला घरात बसावे लागते. खानदेशात मुलींच्या लग्नात मायबाप हात आखडता घेत नाहीत. त्यातली एक ठेव आणि तिच्यावर निघालेले तिच्या एकटीच्या नावाचे कार्ड तिच्या हाती द्यावे, ही मागणी मोठी नाही.

परदेशातला नातलग स्वतः सोबत असेल तर गोष्ट सोपी होते. त्याने आपल्या नावावर आणि आपल्या कार्डावर गाडी घ्यावी आणि पाहुण्याचे नाव अतिरिक्त चालक म्हणून करारात नोंदवावे. त्यासाठी काही ठिकाणी दिवसागणिक आकार पडतो. तो वाचवायला नाव न नोंदवताच पाहुण्याच्या हाती गाडी देणे फार महागात पडू शकते. करारात नाव नसलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला तर कंपनीचे विमासंरक्षण बहुधा लागू होत नाही, आणि जखमी माणसाच्या भरपाईचा बोजा अमेरिकेसारख्या देशात एखाद्या कुटुंबाला पिढीभर पुरेल इतका असू शकतो.

हा भार कुटुंबांनी एकट्याने उचलू नये. शेत गहाण ठेवून शैक्षणिक कर्ज घेणारा बाप आणि परदेशी निघालेला मुलगा बँकेच्या एकाच टेबलासमोर बसलेले असतात. सगळे कागद तपासलेले असतात, दोघांच्या सह्या तिथेच होत असतात. त्याच बैठकीत मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने छोट्या ठेवीवरचे कार्ड काढावे, परदेशातला वापर सुरू करून द्यावा आणि पासपोर्ट, परवाना, कार्ड या तिन्हींवरची नावे एकदा जुळवून पाहावीत. शाखेला यात अर्धा तास लागेल. जर्मनी-अमेरिकेची सत्रे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान सुरू होतात. फैजपूर आणि सावद्याच्या शाखांनी येत्या मे महिन्यापासून शैक्षणिक कर्जाच्या अर्जाबरोबरच हा दुसरा अर्जही विद्यार्थ्याच्या हाती द्यायला सुरुवात करावी.