तिसरीचे पोर वाचते का, एवढे विचारा

मी इंदापूर तालुक्यात सहावी ते आठवीच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. राहतो बारामतीत. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असा रोजचा रस्ता. दरवर्षी जूनमध्ये पहिल्या आठवड्यात मी एकच काम करतो. सहावीतल्या प्रत्येक मुलाला जवळ बोलावतो आणि एक न पाहिलेले पान वाचायला देतो.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मराठीचा पहिला धडा घडाघडा म्हणून दाखवला. मी पान उलटून मधलाच एक परिच्छेद दाखवला, तर ती गप्प. पहिला धडा तिला मोठ्या बहिणीकडून ऐकून पाठ झाला होता. मी म्हणालो, "बेटा, हा शब्द तरी वाच." ती म्हणाली, "सर, मेरेकू जोडके पढना नै आता." पाच वर्षे शाळेत काढून आलेली मुलगी होती ती.

तिच्या अब्बूंना बोलावले. ते म्हणाले, "सर, असं कसं? तिचा नाजरा कुरआन पुरा झालाय." खात्री करून घेतली, खरेच झाला होता. ती अरबी न अडखळता वाचत होती. म्हणजे तिच्या डोळ्यांत, जिभेत, बुद्धीत काही कमी नव्हते. मग शाळेत काय राहिले?

मक्तबमध्ये काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मूल कायदा घेऊन उस्तादांपुढे एकटे बसते. आधी हर्फ, मग जबर, जेर, पेश, मग जोडून वाचणे. आजचा सबक पक्का झाल्याशिवाय उद्याचा मिळत नाही. शेजारचा पुढे गेला तरी चालते, याचा सबक इथेच थांबतो. शाळेत उलटे घडते. चाळीस मुले एका सुरात बाराखडी म्हणतात. त्या आवाजात कोण वाचतो आणि कोण ओठ हलवतो, हे कळत नाही. ऑगस्टमध्ये ऑगस्टचा धडा झालाच पाहिजे, मग मुलाला जूनचा येवो न येवो.

मक्तबचीही मर्यादा आहे. तिथे मूल अक्षर वाचते, अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शाळेत मराठी ऐकून त्याला अर्थ कळतो, पण अक्षर वाचता येत नाही. दोन्हीकडे अर्धे अर्धे शिकलेले हे मूल सहावीत माझ्यापुढे येते आणि इतिहासाचे पुस्तक उघडते.

हे एका मुलीपुरते किंवा एका समाजापुरते नाही. 'असर'च्या पाहणीत मुलाला घरी जाऊन अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट वाचायला देतात. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतील तिसरीची किती मुले दुसरीची गोष्ट वाचू शकली? २०१८ साली शंभरात २०.९, कोरोनानंतर २०२२ मध्ये १६.३, आणि २०२४ मध्ये २३.४. महाराष्ट्र या सरासरीच्या पुढे असतो, पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही. शिवाय ही पाहणी प्रत्येक गावाचा आकडा देत नाही. तो आपला आपणच काढायचा आहे.

आमच्या भागात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड, नगरकडून ऊसतोड कुटुंबे येतात. त्यांची मुले अर्धे वर्ष तिकडच्या पटावर, अर्धे इकडच्या कोपीत. या मुलांना कार्ड मिळते, वर्गात बसायला जागाही मिळते. पण त्यांचे वाचन कुठे थांबले होते, हे विचारणारा कोणी भेटेलच असे नाही.

आता कबुली देतो. वर्षाअखेरीस तक्ते भरायचे असतात. 'समजपूर्वक वाचतो' या रकान्यापुढे मीही कधी कधी 'होय' लिहिले आहे. 'नाही' लिहिले की खुलासा मागतात, 'होय' लिहिले की कोणी काही विचारत नाही. पण त्या एका 'होय'मुळे पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला वाटते की मूल तयार आहे. माझ्याकडे आलेल्या मुलीच्या कागदावरही पाच वेळा 'होय' असणार.

आपल्या मोहल्ल्यात चर्चा कशाची होते? उर्दू शाळा, मराठी शाळा की इंग्लिश मीडियम? राज्यातही २०२५ साली पहिलीपासून हिंदीवरून एप्रिल ते जून मोठा वाद झाला आणि शेवटी २९ जूनला ते निर्णय मागे घेतले गेले. भाषेचा प्रश्न महत्त्वाचाच आहे. घरी दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, मक्तबमध्ये अरबी, एक लिपी उजवीकडून आणि दुसरी डावीकडून, हे ओझे मी रोज पाहतो. पण ज्या मुलाला एक लिपी अर्थासकट वाचता येते, त्याला दुसरी शिकवणे सोपे जाते, हा माझा अनुभव आहे. ज्याला एकही येत नाही, त्याच्यासाठी माध्यम कोणतेही घ्या, वर्ग बहिराच.

उपायही लांब नाहीत. बारामतीच्या शेजारी फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८०च्या दशकापासून प्रगत शिक्षण संस्थेत हेच काम केले. थोडी अक्षरे, त्यांच्याबरोबरच काना-मात्रा, आणि लगेच अर्थाचे शब्द आणि वाक्ये. सगळी बाराखडी संपण्याची वाट पाहायची नाही.

शिक्षकांना माझे सांगणे आहे की चाळीस मुलांचा वर्ग असेल तर रोज दहा मुलांना प्रत्येकी दोन मिनिटे एकटे वाचू द्या. वीस मिनिटे लागतात आणि चार दिवसांत प्रत्येक मुलाची पाळी येते. पालकांनी घरात न पाहिलेला कागद मुलापुढे ठेवावा, लग्नपत्रिका चालेल, वर्तमानपत्र चालेल. आणि विचारावे, "यात काय लिहिलंय?" स्वतः वाचता येत नसेल तरी शेजारच्या कॉलेजच्या मुलाला बसवावे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत. तिथे रंगरंगोटीच्या आधी विचारा, तिसरीची किती मुले वाचतात? आणि मक्तबनंतर अर्धा तास कोणी मराठी-उर्दू गोष्टी वाचून घेणार असेल, तर मशिदीच्या जमातीने एक खोली उघडून द्यावी.

ती मुलगी आता आठवीत आहे. मक्तबसारखाच रोज एक सबक घेतला, फक्त प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारत गेलो. सहावीच्या दिवाळीपर्यंत ती जोडाक्षरांपर्यंत आली. आज ती सगळे वाचते, पण हळू. विज्ञानाचा प्रश्न वाचून होईपर्यंत पेपरची वेळ निघून जाते. दुसरी-तिसरीत तिचे जे गेले, ते मी पुरते भरून देऊ शकलो नाही. तुमच्या घरात आज तिसरीत असलेल्या पोराच्या बाबतीत अजून वेळ आहे.