एका खेपेत काम व्हायला हवं

१५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरला पैसे लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत २,४१८ संस्थांमध्ये तपासणी, चाचण्या, औषधं, शस्त्रक्रिया सगळं मोफत झालं. वर्षाला अडीच कोटींहून जास्त लोक या दवाखान्यांत येतात, असं सरकारनंच त्या वेळी सांगितलं होतं. निर्णय चांगलाच होता. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्यात आली नाहीत ही उणीव राहिली, तरी चांगलाच.

पण केसपेपर आधीही पाच-दहा रुपयांचाच होता. गरीब माणूस सरकारी दवाखाना टाळत होता, तो त्या दहा रुपयांपायी नव्हे. त्याचा दिवस बुडतो. रोजगार हमीची २०२५-२६ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. पेशंटचा रोज, सोबत आलेल्या माणसाचा रोज आणि दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं धरलं, तर मोफत उपचाराची एक खेप सहज सातशे रुपयांच्या घरात जाते. शिवाय एका खेपेत काम होत नाही. दोन होतात, तीन होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की, सरकारी आरोग्यसेवा लोकांपर्यंत किती पोहोचली हे मोजायचं असेल, तर इमारती आणि खाटा यांच्याबरोबर एका आजारासाठी माणसाला किती खेपा घालाव्या लागतात, तेही मोजायला हवं. आज ते कुठल्याही अहवालात मोजलं जात नाही.

मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटलेल्या मावशींचं उदाहरण सांगते. वय पन्नाशीचं, काम शेतमजुरीचं, साखर आणि बीपी दोन्ही. गावातून निघणारी पहिली काळीपिवळी भरेपर्यंत सुटत नाही, त्यामुळे दवाखान्यात पोहोचायला साडेनऊ वाजले. केसपेपरच्या खिडकीवर पाऊण तास गेला. मग बीपी आणि वजन घेणाऱ्या खोलीपुढे दुसरी रांग, डॉक्टरांच्या खोलीपुढे तिसरी. दोन डॉक्टरांपैकी एक शवविच्छेदनाला गेलेले, त्यामुळे ती रांग हलेचना. अकराच्या पुढे नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. प्रयोगशाळेतल्या मुलानं विचारलं, "उपाशी आहात का?" मावशी पहाटे भाकरी खाऊन निघालेल्या. मग उद्या उपाशीपोटी या, असं सांगून त्यानं पुढचं नाव पुकारलं.

"मागल्या येळेला कुनी सांगितलं असतं तर खाऊन आले नसते," त्या मला म्हणाल्या. आवाजात तक्रारही नव्हती. औषधाच्या खिडकीवर पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. "आता पंधरा दिसांनी पुन्हा खाडा. अन् सलग खाडं पडलं की मुकादम दुसरी बाई बघतो." दुसऱ्या दिवशी त्या रक्त द्यायला आल्या का, हे मला माहीत नाही. पण त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं आणि आलं नसतं, तर दवाखान्याच्या नोंदीत 'पेशंट उपचारात अनियमित' एवढंच उरलं असतं.

या साऱ्यात कुणी उद्धटपणे बोललं नाही, कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी कामचुकारपणा केला नाही. शवविच्छेदनाला गेलेले डॉक्टरही कामावरच होते. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ओपीडी, बाळंतपणं, अपघात, पोलिसांच्या केसेस, न्यायालयातली साक्ष हे सगळं बघावं लागतं, आणि मंजूर पदांपैकी काही कायम रिकामी असतात. पदं भरा ही मागणी या सदरातून पुन्हा पुन्हा झाली आहे, पुढेही होईल. पण त्या मावशींची दुसरी खेप पदं रिकामी असल्यामुळे पडली नाही. मागच्या वेळी केसपेपरवर 'पुढच्या वेळी उपाशीपोटी या' असं कुणी लिहिलं नाही आणि वाचून सांगितलं नाही, म्हणून पडली. त्याला ना निधी लागतो ना शासन निर्णय.

पंधरा दिवसांच्या गोळ्यांचं प्रकरण जास्त खोल आहे. बीपी आणि साखरेची औषधं जन्मभर घ्यायची असतात. पंधरवड्याला गोळ्या दिल्या तर पेशंटच्या वर्षाला चोवीस खेपा होतात, महिन्याला दिल्या तर बारा. म्हणजे निम्मी रांग आपोआप कमी होते. आणि हे सरकारला माहीत आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७च्या अखेरीस ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता. पेशंटला एका वेळी महिन्याच्या गोळ्या द्याव्यात आणि स्थिर झालेल्या पेशंटची पुढची तपासणी गावाजवळच्या उपकेंद्रात व्हावी, हीच त्याची पद्धत. त्या उपक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. असं असताना पंधरा दिवसांचीच पुडी हातात का पडते?

औषधाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला विचारा, तो सरळ सांगतो. पुढचा साठा कधी येईल याची खात्री नसते. आहे तो सगळ्यांना पुरवायचा, मग प्रत्येकाला थोडं थोडं देतात. चूक त्याची नाही. राज्यानं २०१७ साली औषध खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवली, वर्षानुवर्षं पुरवठ्याची ओरड झाली, आणि मग २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीचं स्वतंत्र प्राधिकरण काढलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत ३१ रुग्ण दगावले, तेव्हा औषधटंचाईचा प्रश्न सगळ्या राज्यासमोर आला. तमिळनाडूनं मात्र असं महामंडळ १९९४ सालीच उभं केलं. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं, संगणकावर साठ्याची नोंद, आणि प्रत्येक दवाखान्याच्या नावानं एक पासबुक. त्यात दवाखान्याला किती रकमेची औषधं मंजूर आहेत आणि किती उचलली, ते लिहिलेलं असतं. संपत आलं की मागवायचं. आपल्याकडचं प्राधिकरण नवं आहे, त्याला वेळ द्यायला हवा, हे मान्य. पण त्याच्या कामाची परीक्षा मुंबईत किती निविदा काढल्या यावर होऊ नये. तालुक्याच्या खिडकीवर महिन्याच्या गोळ्या मिळू लागल्या का, यावरच ती व्हावी.

तमिळनाडूनं पुढचं पाऊलही टाकलं. ऑगस्ट २०२१मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून तिथं घरपोच औषधांची योजना सुरू झाली. साखर-बीपीच्या पेशंटच्या दारात कार्यकर्ती जाते, तपासणी करते, गोळ्या देते. महाराष्ट्रात हे करता येणार नाही असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. आपल्याकडे गावोगाव आशाताई आहेत. उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. मात्र हे काम आशांच्या अंगावर आणखी एक फुकटची जबाबदारी म्हणून टाकलं जाणार असेल, तर माझा विरोध राहील. त्यांच्या मोबदल्यात त्याची वेगळी, वेळेवर मिळणारी रक्कम हवी.

मावशींचा आजार रोज थोडा थोडा वाढणारा आहे, म्हणून त्यातल्या खेपा कुणाला जाणवत नाहीत. तो हाताबाहेर जातो तेव्हा जाणवतात. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मूत्रपिंडं जातात आणि मग आठवड्याला दोन-तीन वेळा जिल्ह्याला डायलिसिससाठी जावं लागतं. महिन्याला एक खेप वाचवू न शकलेली व्यवस्था त्या माणसाला वर्षाला शंभर-दीडशे खेपा घालायला लावते. त्याचा खर्च सरकारही भरतं आणि घरही भरतं.

वेळेचा प्रश्न शहरात वेगळ्या रूपात येतो. घरकाम करणारी बाई, वॉचमन, डिलिव्हरीवाला यांचा कामाचा वेळ आणि ओपीडीचा वेळ एकच. त्यामुळे ही माणसं रात्री गल्लीतल्या खासगी दवाखान्यात जातात, दोनशे रुपये देऊन एक इंजेक्शन आणि तीन पुड्या घेऊन परततात. मुंबई महापालिकेनं २०२२च्या ऑक्टोबरपासून 'आपला दवाखाना' सुरू केला, तेव्हा त्यात रात्री दहापर्यंत दवाखाना उघडा ठेवण्याची सोय केली. मला त्या योजनेतली ही बाब सर्वांत मोलाची वाटते. ग्रामीण भागातही पाटीवर संध्याकाळची ओपीडी असते. बहुतेक ठिकाणी ती नावापुरतीच असते. शेतातून परतलेल्या माणसाला तिचाच उपयोग होईल, पण तोपर्यंत प्रयोगशाळा आणि औषधाची खिडकी बंद झालेली असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या निम्म्या कुटुंबांनी सांगितलं की, आजारपणात ती सहसा सरकारी दवाखान्यात जात नाहीत. त्यांनी दिलेल्या कारणांत उपचाराचा दर्जा आणि थांबावं लागणारा वेळ ही दोन कारणं सर्वांत वर होती. दवाखाना लांब आहे हे त्यानंतर. म्हणजे नवी इमारत बांधून सुटणारा प्रश्न लोकांच्या लेखी तिसरा आहे, आणि आपले बहुतेक नारळ मात्र त्याच्यासाठीच फुटतात.

एका खेपेत सगळं होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याच व्यवस्थेत आहे. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी ठरलेली असते. त्या दिवशी डॉक्टर, रक्ततपासणी, लसीकरण, जोखमीच्या बाळंतपणाची नोंद हे सगळं एका छताखाली आणण्याचा प्रयत्न होतो. जिथं ते नीट चालतं तिथं बाया सांगतात की नऊ तारखेला गेलं की काम होतं. सोनोग्राफी अजून बऱ्याच ठिकाणी बाहेर राहते, कारण रेडिओलॉजिस्ट नाही. तरीही तारीख ठरलेली असल्यामुळे घरातले लोक त्या दिवशी गाडीची सोय करतात, सासूही सोबत येते. साखर-बीपी, दिव्यांग प्रमाणपत्र, डोळ्यांची तपासणी यांच्यासाठी असाच पक्का दिवस हवा आणि त्या दिवशी संबंधित सगळे लोक जागेवर हवेत. विशेषतः दिव्यांगांसाठी. चालता न येणाऱ्या माणसाला 'आज हाडांचे डॉक्टर नाहीत, पुढच्या बुधवारी या' असं सांगणं हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे, मग ते कितीही नम्रपणे सांगितलेलं असो.

रेफर केलेल्या पेशंटबद्दलही बोललं पाहिजे. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून जिल्हा, तिथून मेडिकल कॉलेज असा प्रवास हातातल्या चिठ्ठीच्या जोरावर चालतो. पुढे खाट आहे का, डॉक्टर आहेत का, याचा फोन बहुधा झालेला नसतो. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं तातडीचा उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. त्याबरोबर एक अतिशय व्यवहारी गोष्टही सांगितली. कुठं खाट रिकामी आहे हे लगेच कळेल अशी मध्यवर्ती संपर्क व्यवस्था राज्यांनी उभारावी. आज प्रत्येक डॉक्टरच्या खिशात मोबाइल आहे. महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून धावते आहे आणि तिनं असंख्य जीव वाचवले आहेत. पण ती पोहोचवते कुठे, हे अजूनही निघताना पक्कं नसतं. पुढच्या रुग्णालयाचा होकार नोंदवल्याशिवाय रेफरची चिठ्ठी देऊ नये, असा नियम करायला काय अडचण आहे?

शेवटी वाचकांना एक विनंती. २००७पासून राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकांनी आरोग्यसेवांवर देखरेख ठेवण्याचं काम सुरू झालं, जनसुनवाया झाल्या, आणि अनेक ठिकाणी प्रश्न विचारल्यावर कारभार सुधारला. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे. तिच्यावर लोकप्रतिनिधी असतात, काही ठिकाणी गावचे प्रतिष्ठितही. त्यांना पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारायला लावा. साखर-बीपीच्या पेशंटला किती दिवसांच्या गोळ्या देता? आणि संध्याकाळच्या ओपीडीत प्रयोगशाळा व औषधाची खिडकी उघडी असते का? उत्तर लेखी घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.