परदेशी नोकरी आणि शिकलेल्यांचे संरक्षण

घरातील मुलगा किंवा मुलगी परदेशी नोकरीसाठी निघाली की वडीलधारी माणसे तिकिटाची, थंडीच्या कपड्यांची आणि लोणच्याच्या बरणीची जितकी काळजी वाहतात, तितकी काळजी ज्या कागदाच्या भरवशावर ते मूल परमुलखात पाऊल टाकणार असते त्या नेमणूकपत्राची क्वचितच वाहतात. कारण शिकल्यासवरल्या मुलाला कोण फसवणार, असा एक भाबडा विश्वास आपल्या मध्यमवर्गात खोल मुरलेला आहे. हाच विश्वास आपल्या कायद्याच्याही बुडाशी आहे. तो आता कालबाह्य झाला असून त्याची किंमत आपली तरुण मुले मोजत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोटासाठी समुद्रापार जाणाऱ्या माणसाला कायद्याचे छत्र असावे, ही मागणी ज्या दैन्यातून जन्मली त्याचे स्मरण निदान महाराष्ट्राला तरी असायला हवे. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांकडे गिरमिटाच्या करारावर जो मजुरांचा ओघ सुरू झाला, त्यात पुढे मुंबई बंदरातून चढलेली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही त्या बेटावर नांदत आहेत. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीसाठी होणारी गिरमिटिया मजुरांची भरती बंद करावी, असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. ती पद्धतच समूळ नष्ट करावी, म्हणून १९१२ साली त्यांनी मांडलेला दुसरा ठराव मात्र सरकारी मतांच्या बळावर फेटाळला गेला. अखेर १९१७ साली गिरमिटिया मजुरांची सगळीच भरती थांबली, १९२२ साली उत्प्रवासाचा कायदा आला आणि त्याच्या जागी १९८३ चा उत्प्रवास अधिनियम आला, जो मुख्यतः आखाती देशांकडे निघालेल्या गवंडी, सुतार, वाहनचालक आणि घरकामगारांचा विचार करून रचलेला होता.

या अधिनियमाने केलेली व्यवस्था हेतूने चांगली होती आणि पुष्कळ अंशी उपयोगीही ठरली. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाने सरकारदरबारी नोंदणी केली पाहिजे, बँकेची हमी दिली पाहिजे, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर यांहून अधिक रक्कम घेता कामा नये, असा दंडक आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ अशी नोंद होते, आणि तो ठरावीक अठरा देशांपैकी एखाद्या देशात कामाला निघाला, तर उत्प्रवासी संरक्षक या अधिकाऱ्याच्या कचेरीत त्याच्या करारनाम्याची तपासणी होऊन मगच त्याला परवानगी मिळते. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना, काही देशांकडे निघालेल्या परिचारिकांसारखे अपवाद सोडले, तर या तपासणीतून मोकळीक आहे. ज्याला लिहितावाचता येते तो आपले हित आपण पाहील, हे गृहीत त्यामागे होते, आणि ज्या काळात दहावी उत्तीर्ण झालेली माणसे आजच्या मानाने थोडी होती त्या काळात ते अगदीच गैर नव्हते.

परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जो जाहीर इशारा द्यावा लागला, तो कोणासाठी होता? थायलंडमध्ये ‘डिजिटल मार्केटिंग’च्या भरघोस पगाराच्या जागा आहेत, या आमिषाने तिकडे नेऊन, तेथून सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडीच्या कोंडवाड्यांत डांबलेल्या आणि तेथे सायबर फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेल्या, संगणकविद्येत तरबेज अशा तरुणांसाठी तो होता. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांतून पाचशेहून अधिक भारतीयांना त्या नरकातून परत आणावे लागले. त्या आमिषाचे लक्ष्य अशिक्षित मजूर नव्हताच. इंग्रजी बोलणारा, संगणक चालवणारा आणि म्हणूनच आपल्या कायद्याने स्वतःच्या हिमतीवर सोडून दिलेला तरुण हेच त्याचे लक्ष्य होते.

एवढे भयंकर टोक सर्वांच्या वाट्याला येत नाही, हे खरे. पण परदेशी नोकरीविषयीच्या अज्ञानावर पोसलेली सौम्य फसवणूक आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत सुखेनैव चालू आहे, आणि सध्या तिचे मोठे क्षेत्र जर्मनी हे आहे. त्या देशाची लोकसंख्या वृद्ध होत चालली आहे, त्याला परिचारिका, तंत्रज्ञ, अभियंते हवे आहेत, आणि त्यासाठी त्याने आपली दारे खरोखर उघडली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी सर्वंकष करार झाला. कुशल भारतीयांना द्यावयाच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. आणि ज्या श्टुटगार्टशी मुंबईचे भगिनी-शहराचे नाते १९६८ पासून आहे, ते ज्याच्या राजधानीचे शहर, त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. दार खरे आहे, म्हणूनच दारात उभे राहून खोटी तिकिटे विकणाऱ्यांचे फावते.

खरा मार्ग कसा आहे? त्याचा क्रम सामान्यतः ठरलेला आहे. प्रथम भाषा, मग पदवीची मान्यता, मग नेमणूक आणि शेवटी व्हिसा. परिचारिकेला सामान्यतः बी-२ पातळीपर्यंतची जर्मन भाषा हवी, आणि ती अवगत करायला नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलीला वर्षदीड वर्ष सहज लागते. तिच्या परिचर्या पदविकेची तुलना जर्मन अभ्यासक्रमाशी होते, जे विषय उणे पडतात त्यांची लेखी नोंद तिला मिळते, आणि ते उणेपण तिथे पूरक प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरून काढावे लागते. अभियंत्याचे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे की नाही, हे ‘अनाबिन’ या सार्वजनिक सूचीत कोणालाही पाहता येते, आणि पदवीच्या समकक्षतेचे अधिकृत पत्र २०८ युरो शुल्क भरून घरबसल्या मागवता येते.

१ जून २०२४ पासून मिळू लागलेल्या ‘शान्सनकार्टे’ या संधिपत्राविषयी तर आपल्याकडे जितका गैरसमज पसरवला गेला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असेल. त्याला किमान सहा गुण लागतात, आणि त्यांचा हिशोब कोणीही कागद-पेन्सिल घेऊन करू शकतो: अठ्ठावीस वर्षांच्या एखाद्या यंत्र अभियंत्याला वयाचे दोन, गेल्या पाच वर्षांतील दोन वर्षांच्या अनुभवाचे दोन, ए-२ पातळीच्या जर्मनचा एक आणि सी-१ पातळीच्या इंग्रजीचा एक, असे सहा गुण भरतात. परंतु हे पत्र नोकरीचे नव्हे, नोकरी शोधण्याचे आहे. ते एक वर्षाचे असते, त्या मुदतीत आठवड्याला वीस तासांपर्यंतच अर्धवेळ काम करता येते, आणि निर्वाहाची सोय दाखवण्यासाठी, २०२५ च्या दराने, दरमहा १,०९१ युरोप्रमाणे वर्षाचे सुमारे १३ लाख रुपये सामान्यतः बंद खात्यात ठेवावे लागतात. हेच पत्र ‘खात्रीचा जॉब व्हिसा’ म्हणून लाखो रुपयांना विकले जाते. शेती गहाण ठेवून ते घेणाऱ्या बापाला यातले काहीही कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी एका परिचिताच्या अभियंता मुलाने आपल्याला आलेले नेमणूकपत्र मला वाचायला दिले. शिरोभागी कंपनीचे बोधचिन्ह झळकत होते, पगाराचा आकडा ठळक होता, खाली सहीशिक्काही होता. परंतु पत्त्यात गावाच्या नावापलीकडे काही नव्हते, आठवड्याचे तास किती, परिवीक्षेचा काळ किती, पगार ढोबळ की कर आणि विमा वजा जाता, याचा कुठेही उल्लेख नव्हता, आणि शेवटच्या परिच्छेदात व्हिसाच्या ‘प्रोसेसिंग’ची रक्कम एका खाजगी व्यक्तीच्या खात्यात तीन दिवसांत भरण्याची ताकीद होती. जर्मनीतील कंपन्यांची सरकारी नोंदवही ऑगस्ट २०२२ पासून कोणालाही विनाशुल्क पाहता येते. तीत शोध घेतला तेव्हा त्या नावाची कंपनी होती, पण तिचे गाव निराळे होते, आणि त्या गावच्या पत्त्यावर विचारणा केल्यावर अशी कोणतीही जागा आम्ही भरत नाही, असे उत्तर आले. एका दुपारची शहानिशा पुरेशी झाली. मुलगा बुद्धिमान होता, पदवीधर होता; शहानिशा कुठे आणि कशी करायची, एवढेच त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि ज्याच्याकडे जाऊन विचारावे असा एकही सरकारी माणूस त्याच्या जिल्ह्यात नव्हता.

यावर काही विचारी माणसे असा आक्षेप घेतील की, प्रौढ व शिक्षित नागरिकांच्या पावलोपावली सरकारने परवान्यांची कुंपणे घातली, तर परवाना देणाऱ्यांची नवी दलाली तेवढी सुरू होईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पदवीधराला परदेशी जाण्यासाठी पुन्हा कचेरीची परवानगी लागावी, असे मला मुळीच वाटत नाही. त्याच्या जाण्यावर बंधन नको, त्याच्याकडून पैसे घेणाऱ्यावर हवे. आज भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. पण ‘कन्सल्टन्सी’, ‘करिअर मार्गदर्शन’, ‘भाषावर्ग’ अशी पाटी लावून, कागदोपत्री केवळ सल्ल्याचे आणि प्रत्यक्षात नोकरीचे पैसे घेणारा इसम त्या नोंदणीच्या कक्षेतून अलगद निसटतो. आणि जो सापडतो त्याला तरी शासन काय? १९८३ च्या अधिनियमात कमाल शिक्षा दोन वर्षांच्या कैदेची आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंतचा. एकेका उमेदवाराकडून लाखो रुपये उकळणाऱ्याला दोन हजारांच्या दंडाची दहशत वाटावी, अशी अपेक्षा कोणता सुज्ञ मनुष्य करील?

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आणि साध्य होण्याजोग्या आहेत. हा कायदा बदलण्यासाठी केंद्र सरकारने २०१९, २०२१ आणि २०२५ साली विधेयकांचे मसुदे लोकांपुढे ठेवले. त्या खटाटोपाचे सार्थक व्हायचे असेल, तर परदेशी नोकरीच्या नावाखाली पैसे घेणारा प्रत्येक जण, त्याच्या दुकानाची पाटी कोणतीही असो, नोंदणीच्या कक्षेत आला पाहिजे आणि दंडाची रक्कम त्याने उकळलेल्या रकमेच्या पटीत ठरली पाहिजे. दुसरी मागणी राज्य शासनाकडे आहे. कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहेच. तेथे एक प्रशिक्षित माणूस असा बसवावा, की जो विनाशुल्क एजंटाचा नोंदणी क्रमांक पडताळून देईल, नेमणूकपत्र वाचून त्यातील उणिवा लिहून देईल आणि पदवीच्या मान्यतेचा अर्ज भरायला मदत करील. तिसरी मागणी अशी की, परराज्यांशी मनुष्यबळाचे करार करणाऱ्या शासनाने, किती जणांना भाषा शिकवली, किती जणांना नेमणुका मिळाल्या आणि किती जण अद्याप वाट पाहत आहेत, याचा तपशील दर सहामाहीस प्रसिद्ध करावा. कारण सरकारी योजनेत वाट पाहून थकलेला तरुण खाजगी दलालाच्या हाती सर्वात सहज लागतो.

तरुणांनाही दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या करारानुसार खाजगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हा सर्वसाधारण नियम आहे. जर्मनीत परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी जे अधिकृत गुणचिन्ह दिले जाते, तेही भरतीचा खर्च मालकाने सोसावा, याच तत्त्वावर उभे आहे. नोकरीसाठी आपणच मोठी रक्कम मोजली पाहिजे, ही समजूत म्हणून आधी मनातून काढून टाका. ज्याला तुमच्या कसबाची खरोखर गरज आहे तो तुमच्याकडून पैसे मागत नाही, तुमची प्रमाणपत्रे मागतो. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन तेथे काम ‘जमवून घेऊ’ असे सांगणाऱ्याच्या दारातून तत्काळ माघारी फिरा, कारण ज्या देशात तुमचे वास्तव्यच बेकायदा आहे तेथे थकलेला पगार मागण्यासाठी न्यायालयाची पायरी चढायलाही तुम्ही बिचकाल. आणि भाषेच्या अभ्यासाला वेळ गेला म्हणून हळहळू नका. लिंगत्रयीची उपजत सवय असलेल्या मराठी मनाला जर्मन व्याकरण इतरांहून थोडे कमी परके वाटते, आणि ती विद्या कोणत्याही दलालाला हिरावून घेता येत नाही.

गोखल्यांच्या काळी गिरमिटियाच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे, हे त्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याच्या वतीने कायदेमंडळात बोलणे भाग होते. आजचा तरुण वाचू शकतो. परंतु ज्या परक्या भाषेत, परक्या कायद्याखाली आणि परक्या मालकाशी तो करार करीत आहे, त्या व्यवहारात तोही एकटाच आहे. त्याच्या परदेशगमनाचा अभिमान मिरवणाऱ्या, त्याने धाडलेल्या पैशाचे स्वागत करणाऱ्या आणि त्याच्या नावाने करारावर सह्या करणाऱ्या शासनाने त्याला सोबत करणे ही मेहेरबानी नव्हे. तो त्याचा हक्क आहे, आणि येत्या अधिवेशनात आपल्या लोकप्रतिनिधींनी तो सरकारकडून लेखी मागून घ्यावा.