टळलेला मधुमेह किती रुपयांचा? सिल्वासात हिशेब मांडायची वेळ

सिल्वासा : पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ७ मार्च २०२५ रोजी सिल्वासात ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचं उद्घाटन केलं. खर्च ४६० कोटींच्या वर. त्याच भाषणात त्यांनी लठ्ठपणाचा विषय काढून, घरातलं खाद्यतेल महिन्याला दहा टक्क्यांनी कमी करा, असंही सांगितलं. रुग्णालयाचा खर्च आकड्यात दिसतो. घरातल्या सवयी बदलायला किती लागेल, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

तो मांडायला हवा. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. कार्यक्रमाचा उपयोग होणार तो या उंबरठ्यावरच्यांना.

चेन्नईत अशा ५३१ जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला. आहार आणि चालण्याचा सल्ला सतत मिळालेल्या गटात शंभरातले ३९ जण मधुमेही झाले, नुसत्या साध्या सल्ल्याच्या गटात ५५. म्हणजे सहा-सात जणांमागे एक रुग्ण टळला. माणशी वैद्यकीय खर्च २२५ डॉलर, साध्या गटात ६१. फरकाला ६.४ ने गुणलं की एक रुग्ण टाळायला साधारण १,०५० डॉलर, तेव्हाच्या दराने ४७ हजार रुपयांच्या आसपास. मधुमेह एकदा जडला की गोळ्या, तपासण्या, पुढे डोळे-किडनीचे उपचार जन्मभर चालतात, हे धरलं तर रक्कम जास्त वाटत नाही.

पण उंबरठ्यावरचा एक माणूस शोधायलाच तिथे ११७ डॉलर लागले होते. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीवरच्यांची तपासणी सरकारी खर्चाने होतेच. यादी नीट वापरली तर शोधण्याचा बराच खर्च वाचेल.

आता कुटुंबाचं. चूल एक, खाणारे पाच. म्हणून घरी जाऊन दिलेला सल्ला स्वस्त पडेल, हा तर्क बरोबर वाटतो. पुरावा तेवढा पक्का नाही. स्कॉटलंडमध्ये भारतीय-पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांकडे आहारतज्ज्ञ तीन वर्षं घरी जात होते. तुलनेच्या गटापेक्षा वजन सरासरी १.६४ किलोच जास्त उतरलं. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १,००७ जणांच्या अभ्यासात काहींचे गावपातळीवर गट चालवले. दोन वर्षांनी गटांतल्यांत मधुमेह १४.९ टक्के, तर इतरांत १७.१ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस ठरला नाही.

शिवाय चेन्नईचा हिशेब आरोग्ययंत्रणेच्या बाजूने होता. घराचा खर्च त्यात नाही. भाजी-फळं महाग पडतात, बैठकीच्या दिवशी रोजंदारी बुडते आणि वेगळा स्वयंपाक बहुतेक वेळा बाईच्याच अंगावर पडतो. हे न धरता कार्यक्रम 'परवडतो' म्हणणं म्हणजे खर्च घरावर ढकलणं.

सिल्वासात आणखी एक अडचण आहे, घर कुठलं धरायचं? मसाट, रखोलीच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार खानावळीत जेवतो आणि कुटुंब तलासरी किंवा जव्हारकडे असतं. तपासणी इथे, चूल महाराष्ट्रात. दोन्हीकडच्या आशाताईंच्या नोंदी एकमेकींपर्यंत पोचल्या नाहीत, तर घरी जायचा खर्च वाया. अशांसाठी कारखान्याचं कॅन्टीन आणि खानावळ हेच 'कुटुंब' धरावं लागेल.

म्हणून प्रशासनाने असा कार्यक्रम घेतलाच, तर तो सगळीकडे एकदम सुरू करू नये. खानवेल, नरोली भागातल्या काही गावांत आधी, काहींत नंतर सुरू करावा. सुरुवातीलाच रक्तातली साखर आणि वजन नोंदवावं, तीन वर्षांनी दोन्हींची तुलना करावी. किती शिबिरं घेतली, किती पत्रकं वाटली, हे आकडे पुरेसे नाहीत. एक रुग्ण टाळायला सरकारचे किती गेले आणि घराचे किती गेले, एवढे दोन आकडे लोकांसमोर यायला हवेत.