माशीचे पंख आणि बाळाचा अंगठा

गेल्या चैत्रांत चंद्रपुरास एका आप्तांच्या घरीं बारशाला जाण्याचा योग आला. गडचिरोलीकडून आलेली मोहफुलांची टोपली पडवींत ठेवलेली होती. फुलें किंचित् आंबलीं होतीं आणि तिळाएवढ्या, लाल डोळ्यांच्या माशा त्यांवर घिरट्या घालीत होत्या. घरांतल्या आनंदाला मात्र गालबोट लागलें होतें. बाळाच्या उजव्या हाताला दोन अंगठे! कोणी म्हणे, मूल भाग्याचें आहे; पण थोरल्या आत्याबाईंचा निर्णय निराळा. "ग्रहणांत सूनबाईनें भाजी चिरली, त्याचें हें फळ!" सूनबाई खालीं मान घालून बसल्या होत्या. त्यांच्या वतीनें साक्ष देण्यास आम्हीं पडवींतील माशीलाच बोलाविलें. ती साक्ष आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही फळमाशी शंभरांहून अधिक वर्षें शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे. अंडें घातल्यापासून सुमारें एका दिवसांत तिची अळी बाहेर पडते. डोकें कोणीकडे आणि शेपूट कोणीकडे हें त्या अंड्याला कसें कळतें? माता अंड्याच्या एका टोकाशीं 'बायकॉइड' नामक जनुकाचा लेखी संदेश ठेवून देते. त्यापासून होणारें प्रथिन त्या टोकाशीं दाट आणि पुढें पुढें विरळ होत जातें. समईचा उजेड जवळ प्रखर व दूर मंद असावा तसें. जेथें तें दाट, तेथें डोक्याकडचीं जनुकें जागीं होतात. हीं जनुकें पुढें इतरांना जागवितात किंवा निजवितात. प्रथम रुंद पट्टे, मग सात, मग चौदा, अशी शरीराची आंखणी अवघ्या कांहीं तासांत होते. प्रत्येक पेशीजवळ सबंध पोथी असते. कोणता अध्याय कोठें व केव्हां वाचावयाचा, एवढाच काय तो भेद. क्रिस्टियाना न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनीं १९८० सालीं ही जनुकें उजेडांत आणलीं. एडवर्ड लुइस यांच्यासह त्यांना १९९५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आरमोरीकडील ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा कोशाचा किडा आठवा. त्याच्या पतंगाला चार मोठे पंख. माशीला मात्र दोनच. तिच्या मागल्या पंखांच्या जागीं तोल सांभाळणाऱ्या दोन इवल्या घुंड्या असतात. ही किमया 'अल्ट्राबायथोरॅक्स' या जनुकाची. वाटेल कीं पतंगाजवळ तें नसावें. पण तें त्याच्याजवळही आहे! पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत एल. एस. शशिधर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माशी, मधमाशी आणि तुतीचा रेशीमकिडा (आपल्या कोशाच्या किड्याचा दूरचा आप्त) यांची तुलना करून २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. हुकूम देणारें जनुक तिघांतही तेंच. हुकूम झेलणाऱ्या जनुकांतहि पुष्कळ साम्य. फरक आहे तो त्या जनुकांशेजारील आज्ञाक्षरांत. तीं बदललीं म्हणजे त्याच हुकुमाचा अर्थ बदलतो.

येथून बाळाच्या अंगठ्यापर्यंत वाट सरळ आहे. माशींत सांपडलेल्या जनुकांपैकीं एकाचें नांव 'हेजहॉग'. तें बिघडलें कीं अळीच्या अंगावर कांटे दाटतात. त्याचाच एक भाऊबंद मनुष्याच्या हाताचीं बोटें आंखतो. त्याला जागविणारा आज्ञालेख त्याच्यापासून सुमारें दहा लक्ष अक्षरें दूर आहे. त्या लेखांतील एकच अक्षर बदललें, तरी जनुक नको त्या बाजूलाही जागें होतें आणि अधिक अंगठा फुटतो. प्रत्येक जादा बोटाचें कारण हेंच असतें असें नव्हे. पण असा अक्षरबदल पित्याकडूनहि येतो, मातेकडूनहि येतो, किंवा नव्यानेंच घडतो. आणि बोटांची आंखणी गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच पुरी होते. तेथें विळी पोंचत नाहीं आणि ग्रहणाची सावलीही पोंचत नाहीं.

गर्भिणीनें जपावें तें दुसऱ्याच गोष्टींना: वैद्याच्या सल्ल्यावांचून घेतलेलीं औषधें, मद्य, तंबाखू आणि उपासमार. ग्रहणाच्या दिवशीं सुनेला अंधाऱ्या खोलींत उपाशी बसविणारें घर, ज्याचा धोका नाहीं त्याला भितें आणि ज्याचा आहे तो ओढवून घेतें.

आत्याबाईंनीं सारें ऐकून घेतलें. "माझ्या आजोबांच्या हातालाही दोन अंगठे होते म्हणतात," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनीं बाळाला सूनबाईच्या मांडीवरून उचललें आणि स्वतःच पाळण्यांत घातलें. जादा अंगठा डॉक्टर यथावकाश काढतील. सूनबाईच्या मनांत रुतलेला दोष काढण्यास मात्र शस्त्र लागत नाहीं. घरांतल्या वडील माणसाचा एक शब्द पुरतो. आमच्या वाचकांच्या घरीं तो शब्द वेळेवर उच्चारला जावा.